मंदे, ते जॅकेट माझं नव्हतं

मंदे, तुझ्या दहाव्याला जो येत होता तो एकच सांगत होता, मंदाबाई कशाला म्हणून भ्यायच्या नाहीत. तुझे दीर म्हणाले, जावा म्हणाल्या, चिखलीच्या तुमच्या शेडमध्ये लेथ चालवणारे भाडेकरू म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग मला तुझा एकदम इतका राग आला की मी चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिले. एवढ्या माणसांना बनवून गेलीस, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटी मागे उरले.

भित्री मी. ते जगजाहीर आहे. लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून जिना चढणारी, गॅस बंद केला की नाही ते बघायला पिंपळे गुरवच्या स्टॉपवरून घरी परत येणारी. तू मला 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणायचीस आणि वर 'आन् ब्रह्मराक्षसापाठी मी' अशी आपली जोड द्यायचीस. असायचीसही. आपल्या पाच बायकांच्या सायकल ग्रुपमध्ये शेवटची जागा तुझी आणि तुझ्या पुढची माझी. सगळ्यात पुढे वैशालीताई, शाळेतून रिटायर झालेल्या पीटीच्या बाई. त्यांनी एक नियम घालून दिला होता. रस्ता फुटेल तिथे पुढचीने थांबायचं, मागची दिसली की मगच निघायचं. म्हणजे प्रत्येकीने फक्त एका बाईची काळजी करायची. मला तो नियम फार आवडायचा, कारण एका माणसाची काळजी मला कशीबशी झेपते.

त्या दिवाळीत भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी जुन्नरला निघायचं ठरलं तेव्हाच मी सगळा रस्ता मनात मोजून पाहिला होता. पहिला मुक्काम मंचरला, आणि त्याच्या आधी आख्खा चाकणचा रस्ता. रोज कंपनीच्या बसमधून मी तो बघते. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले ते लांबलचक ट्रेलर वळताना सगळा चौक व्यापतात, आणि ड्रायव्हरला शेपटाकडे काय चाललंय ते दिसत नसतं. मी येत नाही म्हणून सांगून टाकलं होतं. तू ऐकलं नाहीस. मग मीच माझी समजूत घातली, की सुट्टी आहे, कंपन्या बंद आहेत, फर्स्ट शिफ्ट नाही की सेकंड शिफ्ट नाही, रस्ता मोकळाच असणार. आपल्याकडे घड्याळापेक्षा शिफ्टवर विश्वास जास्त. तुलाही ते पटलं.

जॅकेटं मीच आणली होती. मी कंपनीत पर्चेस खात्यात, त्यामुळे आमच्या कामगारांना जो माणूस सेफ्टी जॅकेटं पुरवतो त्याच्याकडूनच पाच घेतली. भडक पोपटी, पाठीवर चंदेरी पट्टे. तू ते अंगात घालून आरशात पाहिलंस आणि म्हणालीस, आता वाटंत कुनीतरी धरून ओव्हरटाइमला बसवंल. आपण खूप हसलो. कंपनी बंद असली की आतली दुरुस्तीची कामं नेमकी तेव्हाच काढतात, आणि ती करायला कंत्राटी माणसं तशीच जॅकेटं घालून सायकलवर येतात, हे तुझ्या-माझ्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सकाळी धुकं होतं. मोशी सोडली, कुरुळी सोडली, तरी उजाडल्यासारखं वाटेना. धुक्यात रस्त्याची धूळ मिसळली होती आणि तुझ्या घंटीचा आवाज मागून येत होता. मी मागे वळून बघायला घाबरते म्हणून तू मध्ये मध्ये उगाच घंटी वाजवायचीस. चाकणच्या तळेगाव चौकात पुढच्या तिघी सरळ खेडच्या दिशेने निघून गेल्या. मी चौक ओलांडला आणि नियमाप्रमाणे थांबले. तेवढ्यात एक ट्रेलर फुसकारत हलला, माझी पाचावर धारण बसली आणि मी सायकल ओढत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रेलरच्या आडोशाला गेले. मला वाटलं, मंदा बघेलच. ट्रेलरच्या आडचं माणूस कुणाला दिसतं का, मंदे? पण भीती वाटली की मला नेहमी वाटतं, मी जगाला दिसतेच आहे.

तू आली नाहीस.

आधी वाटलं चेन पडली असेल. मग वाटलं चहाला थांबली असेल, पण तू एकटी चहा पिणारी नव्हेस. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. वैशालीताईंना लावला तर त्या म्हणाल्या, तिथंच थांब, हलू नकोस, ती येईल. मी थांबले. वैरी न चिंती ते मन चिंती म्हणतात ना, माझ्या मनाने तेवढ्यात तुला पाडलं, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं, तुझ्या नवऱ्याला, भाऊजींना, फोन करून काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा जुळवली. तुमच्या घरी यायचं तर कुठली साडी नेसायची इथपर्यंत ते पोचलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू मारलं असतंस.

शेवटी थांबवेना. मी सायकल हातात धरून चौकात परत आले आणि केळीच्या गाडीवाल्याला विचारलं, पोपटी जॅकेट घातलेली बाई दिसली का.

"दोन गेली की ताई, तिकडं, महाळुंगे रोडला," तो म्हणाला. "पुढं एक आन् मागं ती बाई. लई हाका मारत व्हती. शुभे, शुभे करून."

मी इथे उभी होते आणि तू माझं नाव घेत दुसऱ्याच कुणाच्या मागे गेली होतीस. कंपनीची बस रोज त्याच वळणाला वळते, म्हणून तुला वाटलं असणार की शुभी सवयीने वळली. माझी ख्यातीच तशी. मी विचार करत उभी होते तोच तिकडून एक सहा आसनी रिक्षा आली. ड्रायव्हर मान बाहेर काढून सगळ्यांना सांगत होता, की पुढे जाऊ नका, ट्रेलरने सायकलला ठोकलंय, जॅम आहे. मी विचारलं, कोण होतं सायकलवर. म्हणाला, जॅकेटवालं. मी विचारलं, बाई की पुरुष.

"आता ते कोन बघतंय ताई, एवढ्या गर्दीत," असं म्हणून तो निघून गेला.

त्यानंतरचा रस्ता मी कशी गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. पेडलवर पाय ठरेना, म्हणून आधी सायकल ढकलत पळाले. मग पळता येईना म्हणून बसले. रोज मी त्या रस्त्याने बसच्या काचेला डोकं टेकून झोपून जाते, तिथे चढ आहे हे मला त्या दिवशी कळलं. एका बाजूला अडकलेल्या ट्रेलरांची रांग, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मध्ये माझ्यापुरती वाट. चाकं माझ्या खांद्याएवढी. एखादा हॉर्न वाजला की मला वाटायचं संपलं. मी मोठमोठ्याने चिंचवडच्या गणपतीशी बोलत होते. काय मागत होते ते स्पष्ट आठवतं. ती नको, असं मागत होते. दुसरं कुणीही असू दे, पण ती नको.

गणपतीने ऐकलं. गर्दीच्या कडेला पोचले तर ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली सायकल चेपलेली दिसली, आणि ती काळी होती. जुनी, उंच दांड्याची, कॅरियरला डबा बांधलेली. तुझी निळी नव्हती. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू, मी चक्क हसले. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी लोकांना बाजूला सारत आत घुसले.

तू रस्त्यावर मांडी घालून बसली होतीस. तुझ्या मांडीवर एका तिशीतल्या माणसाचं डोकं होतं. तुझी ओढणी त्याच्या मांडीला करकचून बांधलेली आणि तू वाकून दोन्ही हातांनी ती दाबून धरलेली. तो लातूरकडच्या बोलीत तुला परत परत विचारत होता, बाई, पाय हाय का, आणि तू गोठ्यातल्या गाईला थोपटावं तशा आवाजात सांगत होतीस, "हाय बाबा, दोनी हायत, गप पड." तुझ्या निळ्या सायकलचं पुढचं चाक गटारात गेलं होतं आणि फोन तुझ्या गुडघ्याशी पडला होता. आणि मी तुझ्या समोर उभी राहून, तुला डोळे भरून बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं गं बाई, तू नाहीस."

तू मान वर केलीस. तशी नजर तू मला आधी कधी दिली नव्हतीस आणि नंतरही दिली नाहीस. बोललीस मात्र एवढंच, की शुभे, खाली बस, ह्याचं डोकं धर, मला सरकायचंय. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका परक्या पुरुषाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या केसांना दिवाळीच्या सुगंधी तेलाचा वास येत होता. तो डोळे मिटून पडला होता.

ॲम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. मी म्हटलं, आता घरी जाऊ. तू म्हणालीस, आज घरी गेलीस तर परत कधी सायकलवर बसायची नाहीस. खरं होतं ते. रस्त्याकडेच्या नळावर तू हात धुतलेस, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलीस, आणि आपण निघालो. खेडपर्यंत मागून तुझी घंटी तेवढी येत राहिली.

वाद झाला तो मंचरला, संध्याकाळी, लॉजच्या पायरीवर. बाकीच्या तिघी बाजारात गेल्या होत्या. मी फोनचं विचारलं, का नाही उचललास म्हणून. माझा जीव तिकडे टांगणीला लागला होता, तू एकदा उचलून जिवंत आहे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं. चांगली तणतणले मी.

तू पायरीवरची माती नखाने खरवडलीस. मग म्हणालीस, "तो पालथा पडला व्हता, शुभे. जॅकेट तेच. मला वाटलं तूच. सायकल टाकून पळाले, पन जवळ गेले तर हात पुढं होईना. आन् तेवढ्यात फोन वाजला, तुझं नाव दिसलं. तवा कळलं ह्यो दुसराच कुनीतरी हाय. उचलला असता तर तिथंच हंबरडा फोडला असता. तो तळमळत व्हता, त्याच्या म्होरं आनंदानं रडू का?"

मी तरीही वाद घातला. मी म्हटलं, म्हणजे तुलाही बरंच वाटलं की. मग माझ्यावर डोळे का वटारलेस?

"वाटलं ना. न्हाई कुटं म्हनते?" तू म्हणालीस. "पन वाटनं येगळं आन् त्याच्या म्होरं बोलनं येगळं. त्यानं ऐकलं आसंल."

मी म्हटलं, ज्याला पाय आहे की नाही ते कळत नव्हतं त्याला माझं बोलणं काय कळणार. आणि भीती ही आपल्या माणसापुरतीच असते, आख्ख्या चाकणसाठी घाबरायला लागले तर मी सकाळी उठू कशी? तू म्हणालीस, मंग नको उठू, झोपून ऱ्हा. मला हसू आलं, तुलाही आलं. हसताना मी तुझे हात पाहिले. ते अजून थरथरत होते. तू ते चटकन मांड्यांखाली दाबलेस आणि थंडी पडलीय म्हणालीस. आणि मग, कुनाला सांगू नको, माजी इज्जत जाईल, अशी मला शपथ घातलीस. घे, आज मोडली. दहाव्याला आलेल्या इतक्या माणसांपुढे नाही मोडली, इथे मोडते.

तो वाद पुढे चालूच राहिला. तू त्याला बघायला डबा घेऊन दवाखान्यात जायचीस. त्याच्या पायात रॉड घातला, तो कुबड्यांवर चालायला लागला, हे सगळं मला तुझ्याकडून कळायचं. चल म्हणालीस की मला नेमकं काहीतरी काम निघायचं. कधी आळंदीला जाताना, कधी भाजी घेताना, मध्येच तू म्हणायचीस, वाटनं येगळं, आणि मी म्हणायचे, झालं हिचं सुरू. मला वाटायचं, सवडीने कधीतरी मी तुला पटवून देईन. सवड आहे असं धरून चालले होते. आणि एक गोष्ट तर मी वादाच्या भरात बोललेच नाही. तू त्या वळणाला वळलीस ती मी चुकले असं समजून. मला त्या ट्रेलरांतून परत आणायला. माझ्यासाठी हाका मारत त्या धुक्यात कुणी शिरलं नसतं, माझ्या घरचंही नाही. आभार मानले असते तर तू 'येडी का काय' म्हणाली असतीस, पण मानायला हवे होते.

आणि तू गेलीस ती कुठल्या रस्त्यावर नाही. सकाळी पोळ्या करता करता डोकं दुखतंय म्हणालीस आणि ओट्यापाशी बसलीस, ती उठली नाहीस. मेंदूत रक्तस्राव. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होते. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसले ती घरी फक्त अंघोळीला जात होते. तुझा मुलगा बंगळूरहून निघाला होता, भाऊजी कधी औषधांच्या खिडकीवर, कधी डॉक्टरांच्या दाराशी. माझ्या शेजारी दिघीची एक बाई असायची, तिचा नवरा आत होता. आम्ही एकमेकींची नावंही विचारली नाहीत, पण माझ्या डब्यातलं ती खायची, तिच्या थर्मासमधला चहा मी प्यायचे. दार उघडलं की आम्ही दोघी एकमेकींचा हात घट्ट धरायचो. सिस्टर दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची आणि आमचे हात सैल व्हायचे.

मी परत तेच मागत होते, मंदे. ती नको, दुसरं कुणीही असू दे. त्या दुसऱ्या कुणाची तरी बायको माझा हात धरून शेजारी बसली होती तरी तेच मागत होते. भीती अशी होती की तिच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटेना.

मग एका दुपारी भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. दार उघडलं. आम्ही हात धरले. सिस्टरने तुझं नाव घेतलं आणि कुणीतरी लगेच आत या म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच मला कळलं. शेजारी त्या बाईने श्वास सोडला आणि म्हणाली, देवा, बरं झालं. अगदी हळू म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं, आणि तिने पदर तोंडावर दाबला.

मला राग आला नाही. पण लागलं. इतकं लागलं की मी हलू शकले नाही. कानात दुसरं काही शिरत नव्हतं, सिस्टर काय सांगत होती तेही नाही, ते दोन शब्द मात्र लख्ख ऐकू आले होते. तू म्हणायचीस ते खरं होतं. त्या दिवशी रस्त्यावर त्याने ऐकलं असणार.

त्याच बाईने माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. तिच्या नवऱ्याचं नाव कुठल्याही क्षणी पुकारलं गेलं असतं, तरी ती बाक सोडून तुझ्या दारापर्यंत माझ्याबरोबर आली. दाराशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंडातून गेलं हो ताई. मनात धरू नका."

"नाही धरत," मी म्हटलं, आणि तुझ्याकडे आत आले.